‘सेट’ : बसवण्यापासून पुढे

इंग्रजीतला सगळ्यात अवघड शब्द कोणता, असं विचारलं तर आपण स्पेलिंग घोकावं लागणारा एखादा लांबलचक शब्द सांगू. कोशकार मात्र ‘सेट’ म्हणतील, किंवा ‘रन’, किंवा ‘टेक’. लांब शब्दाचा अर्थ बहुधा एकच असतो. तो एकदा कळला की पुन्हा त्रास देत नाही. ‘सेट’ रोज भेटतो आणि रोज काहीतरी वेगळं सांगतो.

१९८९ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती २० खंडांत निघाली. तिच्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि ‘सेट अप’, ‘सेट ऑफ’ यांसारखे जोडप्रयोग धरले तर सुमारे ५८०. ही एकटी नोंद ६०,००० शब्दांच्या घरात जाते. मराठीत एवढ्या शब्दांत एक कादंबरी होते.

हा आकडा सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं छापला जातोय. आकडा वाचून इंग्रजी ही बेशिस्त भाषा आहे असं वाटण्याची शक्यता असते. मला तसं वाटत नाही. या ४३० अर्थांच्या मुळाशी हातानं करायची एक साधी क्रिया आहे आणि तिच्यापासून निघालेल्या वाटा बऱ्याच दूरपर्यंत ओळखता येतात. त्या ओळखायला आपल्याला मराठीची मोठी मदत होते.

इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. आज हे दोन शब्द एकमेकांना परके वाटतात, पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते ‘सित्तान’ आणि ‘सेत्तान’ होते आणि त्यांची जोडी आपल्या ‘पडणे-पाडणे’, ‘मरणे-मारणे’ यांसारखीच होती. आतला स्वर बदलला की आपोआप होणारी गोष्ट कुणीतरी घडवून आणलेली होते. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, ही जोडी त्याच घडणीची. ‘सेट’चं हे कूळ संस्कृतपर्यंत पोचतं. संस्कृतात ‘सद्’ म्हणजे बसणे, आणि सदन, सभासद, परिषद, उपनिषद हे सगळे त्या धातूचे. लॅटिनच्या मार्गानं आलेले ‘सेशन’ आणि ‘प्रेसिडेंट’ हेही त्याच मुळाचे. परिषदेचे प्रेसिडेंट असं आपण म्हणतो तेव्हा एकच धातू दोन वेशांत शेजारी उभा असतो.

मराठी ‘बसणे’ या कुळातलं नाही. ते ‘उपविश्’वरून आलं. ज्ञानेश्वरांच्या मराठीत ते ‘बैसणे’ होतं, नंतर ‘बसणे’ झालं. म्हणजे ‘सेट’ आणि ‘बसवणे’ यांचं रक्ताचं नातं नाही. तरीही दोघांचे अर्थ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

कोंदणात हिरा ‘सेट’ करतात. आपला सोनार खडा बसवतो. सरकलेलं हाड डॉक्टर ‘सेट’ करतो. हाडवैद्य ते बसवतो. कविता संगीतात ‘सेट’ होते. आपण शब्द चालीत बसवतो. विस्कटलेले केस तिकडे ‘सेट’ करतात, इकडे पाण्याचा हात लावून चापून बसवतात. अंडी उबवण्यासाठी कोंबडी ‘सेट’ करणे हा इंग्रज शेतकऱ्याचा जुना प्रयोग आहे, आणि आपल्याकडे कोंबडी खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसवतात. यांतलं काहीही कुणी कुणाकडून उचललेलं नाही. इंग्रज हिंदुस्थानात येण्याच्या कितीतरी आधीपासून इथले सोनार खडे बसवत होते.

मग अर्थ इतके जुळले कसे? सोनाराच्या हाताकडे जवळून पाहिलं की कळतं. तो आधी कोंदण कोरून खड्याच्या मापाचं करतो. खडा त्यात टेकवतो, डोळ्यांशी धरून वाकडा तर नाही ना हे पाहतो, मग कडेचा पत्रा चहूबाजूंनी थोडा थोडा दाबत आणतो. शेवटी बोटानं ढकलून पाहतो. हलला नाही की खडा बसला. हाडवैद्यही याच क्रमानं जातो. वस्तू आहे, तिची अशी एक ठरलेली जागा आहे, आणि त्या जागी ती टिकून राहायला हवी. ‘बसवणे’त या तिन्ही गोष्टी एकदम असतात. बोलणारा त्यांतल्या एकीवर भर देतो आणि बाकीच्या मागे पडतात, तिथे नवा अर्थ फुटतो. टिकून राहण्यावर भर दिला की जेली, सिमेंट, प्लास्टर ‘सेट’ होतं, आणि माणसाची मतंही ‘सेट’ होतात, म्हणजे आता ती हलणार नाहीत. जागेवर भर दिला की जेवणाचं टेबल ‘सेट’ होतं: काटा डावीकडे, सुरी उजवीकडे. ठरलेपणावर भर दिला की तारीख, किंमत, मर्यादा ‘सेट’ होते. मराठीत तोच भर कर बसवण्यात आहे. आपल्या विद्यापीठांतला ‘पेपर सेटर’ही इथलाच.

इंग्रजीत सूर्यही ‘सेट’ होतो, कारण तो दिवसभर चालून आपल्या जागी टेकतो अशी त्यामागची कल्पना आहे. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘आसनाकडे जाणे’ अशा अर्थाचा जोडशब्दच होता. आपला सूर्य बसत नाही. तो मावळतो, बुडतो, अस्ताला जातो. उलट आपला घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, लिहून लिहून अक्षराला हात बसतो. यांतल्या कशालाही इंग्रजीत ‘सेट’ चालत नाही. शिकारी कुत्र्यांतली ‘सेटर’ ही जात इंग्रजी वाटेवरची. पक्ष्याचा वास आला की हा कुत्रा भुंकत नाही, धावत नाही. त्या दिशेला तोंड करून अंग चोरून दबून राहतो, आणि शिकाऱ्याला कळतं की पक्षी तिथे आहे. स्थिर होण्याच्या त्या सवयीवरून त्याला नाव पडलं.

पण ‘सेट’च्या सगळ्या अर्थांना ‘बसवणे’ पुरत नाही. सापळा ‘सेट’ करणे, गजर ‘सेट’ करणे, आग ‘सेट’ करणे, एखाद्याला कामाला ‘सेट’ करणे, असे प्रयोग घ्या. इथे मराठी ‘बसवणे’ सोडते आणि ‘लावणे’ धरते. सापळा लावतो, गजर लावतो, आग लावतो, पोराला कामाला लावतो. विरजण घालून दही लावतो. फरक कुठे पडला? खडा, हाड, केस बसवले की काम संपतं. पुढे काही घडायचं नसतं, किंबहुना काही घडू नये म्हणूनच ते बसवायचे असतात. सापळा, गजर, आग, विरजण यांचं काम आपण हात काढून घेतल्यावर सुरू होतं. मराठीनं या दोन गोष्टींसाठी दोन क्रियापदं ठेवली. इंग्रजीनं दोन्ही ‘सेट’वर टाकल्या. म्हणूनच तो एकच शब्द थांबण्याचाही आहे आणि निघण्याचाही: सिमेंट ‘सेट’ होतं ते कायमचं थांबतं, आणि प्रवासी ‘सेट ऑफ’ होतो तो निघतो. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला हा उलटेपणा छळतो. त्याला ‘एखाद्याला मार्गाला लावणे’ याची आठवण करून दिली की गाठ सुटते, कारण ‘सेट ऑफ’मध्ये माणूस स्वतःलाच मार्गाला लावतो. शंभर मीटरच्या शर्यतीत पंच ‘सेट’ म्हणतो तेव्हा दोन्ही अर्थ एका क्षणात भेटतात. आठही धावपटू गुडघे उचलून पूर्ण निश्चल होतात, आणि ती निश्चलता पुढच्या क्षणी सुटण्यासाठीच असते.

आता नामाकडे. टी सेट, दागिन्यांचा सेट, पुस्तकांचा सेट. इथे ‘सेट’ म्हणजे एकत्र असणाऱ्या वस्तूंचा गट, आणि हा अर्थही बसवण्यातूनच आला असेल असं कुणालाही वाटेल. तो बराचसा दुसऱ्याच शब्दातून आला आहे. लॅटिनमध्ये ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायांचा समूह, पंथ. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘सेत’ झालं, इंग्रजीत आलं, आणि तिथे आधीपासून असलेल्या ‘सेट’शी उच्चारात इतकं मिळतंजुळतं झालं की लोकांनी दोघांना एकच मानलं. एकत्र मांडलेल्या वस्तू म्हणजे सेट, अशी समजूत मागाहून बसली आणि तिनं अर्थाला आकार दिला. थेट लॅटिनकडे तोंड करून राहिलेलं त्याचं भावंड म्हणजे पंथ या अर्थाचं ‘सेक्ट’. ‘सेक्ता’च्या मुळाशी ‘मागून जाणे’ ही क्रिया आहे. पहिल्याच्या मागून येणारा तो ‘सेकंड’, हाही त्याच क्रियेतला. संस्कृतात तिचं भावंड ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, आणि त्यावरून सोबत राहणारा तो सचिव. म्हणजे परिषदेचा ‘सेट’ झालेला अजेंडा एका मुळाचा, आणि सचिवांच्या कपाटातला फाइलींचा ‘सेट’ दुसऱ्या. एका उच्चाराखाली असे दोन प्रवाह मिसळलेले असतात हे जुने कागद पाहिल्याशिवाय कळत नाही.

ते कागद पाहणाऱ्या माणसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ऑक्सफर्डच्या या कोशाची कल्पना लंडनच्या भाषाशास्त्रीय सोसायटीत १८५७ साली निघाली. जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले. दहा वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि त्यात ‘ए’ अक्षरही संपलं नव्हतं. कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये, मरे यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. मरे यांनी कामासाठी पत्र्याची एक शेड उभारली होती आणि तिच्या भिंतींवर १,०२९ खण केले होते. जगभरातले स्वयंसेवक वाचता वाचता चिठ्ठ्या लिहून पाठवत: वरच्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, ग्रंथ, पान आणि ते वाक्य. त्या चिठ्ठ्या खणांत जात.

चिठ्ठ्या आल्यावर मरे यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ‘अब्यूजन’ या दुर्मीळ शब्दाच्या सुमारे ५० चिठ्ठ्या होत्या आणि नेहमीच्या ‘अब्यूज’च्या फक्त ५. वाचणाऱ्याला अनोळखी शब्द अडवतो, ओळखीचा दिसतच नाही. मला ही या सगळ्या हकिकतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. भाषेचा बहुतेक भार जे शब्द वाहतात त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही, आणि म्हणून त्यांचा इतिहास गोळा करणं सर्वांत कठीण जातं. सॅम्युएल जॉन्सन यांना हे शतकभर आधीच जाणवलं होतं. १७५५ च्या आपल्या कोशात त्यांनी ‘टेक’चे १३४ अर्थ दिले, आणि प्रस्तावनेत ज्या क्रियापदांनी आपल्याला हैराण केलं त्यांची यादी केली. तिच्यात ‘सेट’ही आहे आणि ‘रन’ही.

ऑक्सफर्डच्या कोशात ‘सेट’ वाट्याला आला हेन्री ब्रॅडली यांच्या. ते मुळात शेफील्डच्या एका कटलरीच्या पेढीत पत्रव्यवहार सांभाळणारे कारकून होते. भाषा स्वतःच्या स्वतः शिकले. कोशाच्या पहिल्या भागाचं त्यांनी लिहिलेलं परीक्षण इतकं जाणकार होतं की मरे यांनी त्यांना कामात ओढलं, आणि पुढे ते स्वतः संपादक झाले. ‘एस’ अक्षराचा सुरुवातीचा भाग त्यांच्याकडे होता. ‘सेट’च्या चिठ्ठ्यांचा ढीग समोर घेऊन बसलेल्या संपादकाला प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न विचारावा लागतो: ही आधीच्या गठ्ठ्यात जाईल की हिचा वेगळा गठ्ठा करू? मराठीत करून पाहा. खडा बसवणे आणि हाड बसवणे हा एक अर्थ की दोन? खडा ‘जडवणे’ म्हणता येतं, हाड जडवता येत नाही. हाड ‘सांधणे’ म्हणता येतं, खडा सांधता येत नाही. म्हणजे दोन म्हणायला हरकत नाही. आता टोपी डोक्यावर बसवणे आणि झाकण डब्यावर बसवणे? इथे दोन जाणकार दोन उत्तरं देतील, आणि दोघांचीही बाजू खरी असेल. म्हणून ४३० हा आकडा डोंगराच्या उंचीसारखा मोजून काढलेला नाही. तो एका परंपरेत तयार झालेल्या संपादकांचा, हजारो वाक्यं वाचून केलेला निर्णय आहे. खिशातल्या कोशात त्याच शब्दाचे वीस-पंचवीस अर्थ असले तर तो कोश चुकीचा ठरत नाही.

‘सेट’चे काही अर्थ इंग्रजीबाहेरही पसरले आहेत. नाटकाचा ‘सेट’ आपल्याकडे असाच रुजला. रंगवलेला पडदा वरून सोडायचा असतो. सेट मात्र रंगमंचावर उभा करून बसवावा लागतो. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं तेव्हा मराठी प्रेक्षकांना पडद्यांऐवजी दारं-भिंती असलेली खरीखुरी खोली दिसली, आणि तेव्हापासून ‘सेट लागला का?’ हा प्रश्न नाट्यगृहांच्या मागच्या दारात ऐकू येतो. गंमत अशी की आपण नाटक ‘बसवतो’ आणि सेट ‘लावतो’.

गणितातली गोष्ट वेगळी. गेऑर्ग कँटर यांनी १८७४ पासून अनंत समूहांबद्दल जे लिहिलं ते जर्मनमध्ये, आणि त्यांचा शब्द ‘मेंगे’ होता. त्याला इंग्रजीत काय म्हणायचं हे लगेच ठरलं नाही. फिलिप जॉर्डेन यांनी १९१५ मध्ये केलेल्या भाषांतरात ‘अ‍ॅग्रिगेट’ आहे. पुढे ‘सेट’ जिंकला, बहुधा छोटा असल्यानं. मराठीनं या एका अर्थासाठी ‘संच’ हा शब्द घेतला आणि नववीच्या गणिताच्या पुस्तकात तो पक्का झाला. हिंदीनं ‘समुच्चय’ घेतला. मला ‘संच’ जास्त आवडतो, कारण शाळेतल्या मुलाला तो चित्रांचा संच, प्रश्नसंच असा आधीच भेटलेला असतो.

रोजच्या मराठीत मात्र आपण ‘सेट’ तसाच ठेवला आहे. ‘पोरगा पुण्यात सेट झाला’, ‘मोबाइलमध्ये तारीख सेट कर’, ‘दही अजून सेट नाही झालं’. शेवटच्या वाक्यात ‘लागलं’ हा शब्द मागे पडतोय याचं मला वाईट वाटतं, कारण लागलेल्या दह्यात विरजणाचं काम ऐकू येतं. बंगळुरूकडचा ‘सेट डोसा’ तर एका ताटलीत दोन-तीन जाडसर डोसे एकत्र येतात म्हणून सेट. लॅटिनमधल्या पंथाचा शब्द तिथपर्यंत पोचला आहे.

‘सेट’चं पहिलं स्थान आता गेलं. ऑक्सफर्डचे संपादक तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्यानं लिहू लागले, आणि ‘मेक’, मग ‘पुट’ आणि २०११ च्या सुमारास ‘रन’ पुढे गेला. ‘रन’ची नोंद पीटर गिलिव्हर यांनी केली. त्यांना नऊ महिने लागले आणि क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. अर्थात त्या वेळी ‘सेट’ची नोंद जुनीच होती, त्यामुळे ही तुलना पूर्ण समान पायावरची नाही. तरी ‘रन’ वाढण्याचं एक कारण उघड आहे. वाफेचं इंजिन आल्यापासून इंग्रजीत जे जे सुरू असतं ते ‘रन’ होतं: गिरणी, आगगाडी, बँक, सरकार, संगणकातला प्रोग्रॅम. ‘सेट’ हातकामाच्या जगात वाढला, ‘रन’ यंत्रांच्या. मराठीत हीच सगळी यंत्रं ‘चालतात’. गिरणी चालते, दुकान चालतं, सरकार चालतं, प्रोग्रॅम चालतो. धाव आपण क्रिकेटला दिली.

‘बसणे’ आणि ‘लावणे’ यांचं असं काम मराठीत अजून व्हायचं आहे. पाया आहे. दाते आणि कर्वे यांच्या संपादक मंडळानं १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले आणि शक्य तिथे ग्रंथांतली उदाहरणं दिली. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये आला. पण घसा केव्हापासून ‘बसू’ लागला, ‘हात बसणे’ आधीचं की ‘विश्वास बसणे’, ‘रडत बसला’, ‘बोलून बसला’ अशा वाक्यांत बसण्याची क्रिया पूर्ण विरून नुसता पश्चात्ताप किंवा चिकाटी कधी उरली, हे सालवार कुणी दाखवलेलं नाही. उत्तरं लीळाचरित्रात आहेत, बखरींत आहेत, पेशवे दफ्तरातल्या पत्रांत आहेत, शाहिरांच्या लावण्यांत आहेत, आणि १८३२ च्या ‘दर्पण’पासूनच्या वर्तमानपत्रांत आहेत. यांतलं बरंचसं छापून झालेलं आहे; वाक्यं वेचून तारखेनं लावायची आहेत.